हेंगजाच्या मैत्रिणीची पँट

ग्वांगजू शहराजवळच्या मुदुंग डोंगराच्या पायथ्याशी, देवळाकडे जाणाऱ्या चढावर माझं दुकान आहे. बूट, काठ्या, सॅक, रेनकोट, डोंगरावर लागेल ते सगळं. नवरा होता तोवर तो बघायचा, मी हाताशी असायचे. तो जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मी बघते. सोमवारी दुकान बंद असतं आणि सोमवारी मी आणि हेंगजा डोंगर चढतो. एकोणीस वर्षं झाली या गोष्टीला. तिच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात आणि माझा नवरा गेला तेव्हा खंड पडला असेल, तेवढाच.

हेंगजा पोस्टात काउंटरवर होती, सोमवारी दुपारच्या पाळीला. मोठ्या आवाजाची, ठेंगणी, चढावर माझ्या पुढं आणि उतारावर माझ्या मागं. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली, त्या दिवशी आम्ही तांदळाची दारू, माक्कॉली, पिता पिता ठरवलं होतं की जिरीसान डोंगराची अख्खी धार चालायची. तीन दिवस, दोन मुक्काम, शेवटी शिखरावरची पहाट. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा माझा गुडघा सुजला होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पानं लाल झाली होती, आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक सोडून दुकान कोण बंद ठेवतं? तिसऱ्यांदा पुन्हा गुडघा. चौथ्यांदा तिनं विचारलंच नाही.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ती दुकानात आली ती एका बाईला घेऊन.

"ह्वासिम, ही एरान. बाजाच्या वर्गात भेटली मला."

तोंडानं वाजवायचा बाजा शिकायला हेंगजा त्या उन्हाळ्यापासून जात होती. मला तिनं चल म्हटलं होतं, मी हसले होते. आता तिथून ही बाई निघाली होती. सोलहून आलेली, पन्नाशीची, उंच, पातळ ओठांची आणि केस कापलेली. घटस्फोट घेऊन ग्वांगजूला बहिणीजवळ राहायला आली होती. हे सगळं हेंगजानंच सांगितलं, आणि ती बाई मान डोलवत राहिली, जणू तिची गोष्ट सांगायचा हक्क तिनं हेंगजाला देऊन टाकला होता.

"आम्ही जिरीसान करतोय," हेंगजा म्हणाली. "मंगळवारी. वरच्या मुक्कामाच्या निवाऱ्यात जागा मिळाली."

"कोण आम्ही?"

"आम्ही दोघी. तुझा गुडघा कुठं तयार आहे?"

"माझ्या गुडघ्याला विचारलंस?"

"तीनदा विचारलं," हेंगजा हसून म्हणाली. "तो बोलतच नाही. चल, आता हिला काठ्या आणि पावसाची पँट बघून दे. तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं मी हिला येताना सांगत होते."

"खरंच, ताई," एरान म्हणाली. "मला तर यातलं ओ की ठो कळत नाही."

पहिल्याच भेटीत ताई. मी हसले आणि काठ्यांच्या मांडणीकडे वळले.

काठ्या निवडायचं काम मी करायच्या आधी हेंगजानंच हातात घेतलं. एरानला कार्बनच्या काळ्या काठ्या आवडल्या होत्या, कारण त्या उचलल्यासारख्याच वाटत नव्हत्या.

"त्या नकोत," हेंगजा म्हणाली. "दगडाच्या फटीत अडकल्या की आडव्या मोडतात. ॲल्युमिनियमची घे. ती वाकेल, पण साथ सोडणार नाही."

हे माझं वाक्य होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा, याच जागी उभी राहून मी ते तिला सांगितलं होतं. वाकेल, पण साथ सोडणार नाही. आणि ती थांबलीच नाही. मूठ कॉर्कची घे, घामानं हात सरकत नाही. कोपर काटकोनात आलं पाहिजे. उतारावर थोडी लांब कर. पट्ट्यात हात वरून नाही घालायचा, खालून घालायचा, असा. तिनं एरानचा हात धरून पट्ट्यातून ओवला आणि मनगटाजवळचं बक्कल नीट केलं. ती दुसरी बाई खुळ्यासारखी हसत होती. मी काउंटरला टेकून उभी होते. आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणीतरी आपल्याच हातची भाजी वाढावी आणि आपल्याला पाहुणीसारखं बसवावं, तसं मला झालं.

"अगं, तुला शिकवायला पगार देऊ का?" मी म्हणाले.

"मास्तरीण तूच," हेंगजा म्हणाली. "मी शेजारच्या खानावळीत जवाचा भात सांगून येते, नाहीतर गर्दी होईल. तू पँट दाखव तोवर."

ती गेली. आणि पँटच्या दांड्याशी मी आणि एरान दोघीच राहिलो.

पावसाची पँट कशी घ्यायची हे मी झोपेतही सांगेन. आतून उलटी करायची आणि शिवण बघायची. शिवणीवर पट्टी चिकटवलेली असेल तर पाणी आत येत नाही. नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून येतं. बाजूला लांब चेन हवी, म्हणजे बूट न काढता चढवता येते. खालच्या पँटवरून घालायची, म्हणून एक माप मोठी. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, घ्यायची नसेल त्यालाही सांगते.

एरानला मी काही सांगितलं नाही. ती स्वतःच दांड्यावरून हात फिरवत गेली आणि जांभळ्या रंगाच्या एका पँटपाशी थांबली.

"ही किती हलकी आहे! आणि रंग बघा ना."

ती वाऱ्याची पँट होती. वसंतात लोक घालतात, वारा अडवायला. वरून पाणी ओघळून जावं असा लेप असतो, चार थेंब झटकले जातात. शिवणीवर पट्टी नाही.

"हेंगजाताईच्या जॅकेटला शोभेल," ती म्हणाली. "आमचे फोटो चांगले येतील. पावसात चालेल ना ही, ताई?"

मी तिला नाही म्हणू शकले असते. चुकून नाही, विसरून नाही, पूर्ण शुद्धीत मी म्हणाले, "चालेल."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण मी नेहमीसारखा पेला भरून आणला, पँट काउंटरवर पसरली आणि कापडाच्या अगदी मधोमध, शिवणीपासून चार बोटं दूर, पाणी ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळले.

"अय्या!" एरान म्हणाली, आणि तिनं टाळी वाजवली.

त्या वेळी मला नक्की काय हवं होतं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. तिला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं. अंदाज कोरडा होता, आठवडाभर ऊन सांगितलं होतं. मला फक्त वाटत होतं की तिच्या पायाला थोडं पाणी लागावं, तिनं कुरकुर करावी, आणि हेंगजाला वाटावं की ह्वासिम असती तर हे झालं नसतं. बस, एवढंच. पण एवढंसुद्धा कमी नसतं.

त्या सोमवारी हेंगजा आली नाही. सामान भरायचं होतं, आणि संध्याकाळच्या बसनं त्या दोघी जिरीसानच्या अलीकडच्या गावात मुक्कामाला जाणार होत्या. मी एकटी मुदुंगच्या खिंडीपर्यंत जाऊन आले. ओळखीची दोन माणसं भेटली, दोघांनीही विचारलं, "आज जोडीदारीण कुठं?" पहिल्याला मी खरं सांगितलं. दुसऱ्याला म्हणाले की तिला बरं नाही.

मंगळवारी पहाटे उठून मी हवामान पाहिलं. रातोरात अंदाज फिरला होता. दुपारपासून पाऊस, वर धारेवर चार अंश, वारा. डोंगर बंद करण्याइतका मोठा नाही, पण दिवसभर पुरेल असा. मी तसाच फोन लावला.

"हेंगजा, पाऊस येतोय. जाऊ नका."

"पाहिलं मी. थोडासाच आहे," ती ओरडून बोलत होती, मागं बसच्या इंजिनाचा आवाज होता.

"वर थंडी असेल."

"म्हणून तर तुझ्याकडून सगळं घेतलं ना! तुझ्या दुकानातली पँट घातल्यावर पाऊस काय करणार?" मागून एरानचं हसू ऐकू आलं. मग हेंगजाचा आवाज एकदम खाली आला. "ह्वासिम, खरं सांग. पावसाचं बोलतेस, की आम्ही जाऊ नये म्हणून बोलतेस?"

खरं माझ्या जिभेवर होतं. तिची पँट बदल, नाहीतर तिला वर नेऊ नकोस. दोन वाक्यं. पण ती बोलायची म्हणजे गुरुवारचं 'चालेल'ही सांगावं लागलं असतं.

"पावसाचंच," मी म्हणाले.

"मग ठेव आता. बस सुटतेय."

त्यानंतर तिचा फोन लागला नाही. एरानचा नंबर माझ्याकडे नव्हता.

साडेआठपर्यंत मी दुकानात येरझाऱ्या घातल्या. मग दांड्यावरून एरानच्या मापाची खरी पँट काढली, पट्टीवाली, आणि सोबत गरम आतले कपडे, लोकरीचे मोजे, थर्मासमध्ये आल्याचा चहा. स्वतःची पावसाची पँट आणि काठ्या घेतल्या. दाराला पाटी लावत होते तेवढ्यात जवाच्या भातवाली बाहेर आली.

"काय गं, पानं लाल झालेली असताना दुकान बंद? कोण वारलं का?"

"अजून नाही," मी म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

त्या दोघी धारेवर पश्चिमेकडून येणार होत्या. त्यांचा मुक्काम ब्योकसोच्या खिंडीतल्या निवाऱ्यात होता, आणि त्या निवाऱ्याला उत्तरेच्या उमजंग गावातून एक जंगलवाट जाते, सात किलोमीटरला थोडी कमी. मी गाडी तिथं लावली तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. चौकीवरचा माणूस माझ्या लंगडण्याकडे बघून म्हणाला, "मावशी, आज कशाला?"

"कुणाची तरी वस्तू पोचवायची राहिली."

"मग जपून. आणि चारच्या आत वर पोचा."

मी चालले. तो गुडघा, ज्याच्या नावावर मी तीन वेळा नाही म्हटलं होतं, तो दुखत होता, पण चालत होता. दोन वर्षं मी खरोखरच त्याच्यामुळे थांबले होते का, असा विचार मनात आला. दुकान, गुडघा, हवा. हेंगजा कायम विचारत राहणार, असं मी धरून चालले होते.

निवाऱ्यात पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. तिथं चार-पाच पुरुष शेवया उकळत होते. त्या दोघी आल्या नव्हत्या. मी अडीचपर्यंत वाट पाहिली. पश्चिमेकडून एक तरुण जोडपं भिजून आलं, त्यांना विचारलं.

"दोन बायका? हो, मागं आहेत. एक जांभळ्या पँटवाली. बसत बसत येताहेत."

मी पुन्हा सॅक पाठीवर घेतली आणि धारेवर निघाले. दगड निसरडे, धुकं इतकं की पुढच्या झाडापलीकडे काही नाही. किलोमीटरभर गेल्यावर हेंगजाचा आवाज ऐकू आला. ती बाजाच्या वर्गातलं गाणं म्हणत होती, जोरजोरानं, बेसूर. एका खडकाच्या आडोशाला एरान बसली होती आणि हेंगजा तिच्यापुढं उकिडवी बसून तिचे तळहात चोळत होती. एरानचे ओठ निळे पडले होते. तिच्या अंगात आता पावसाची पँट होती ती हेंगजाची, घोट्याच्या वर आखूड. जांभळी पँट तिच्या शेजारी चिखलात पडली होती. हेंगजाच्या पायात साधी पँट, पाणी निथळत असलेली.

"ह्वासिम?" हेंगजा म्हणाली. तिला वाटलं असावं की तिलाच भास होतोय.

"चहा आहे. पाज तिला."

"तिला झोपायचंय म्हणते. मी झोपू देत नाहीये."

एरानला पेला धरता येत नव्हता. मी तिच्या ओठांना लावला. मग खडकामागं आम्ही दोघींनी मिळून तिचे ओले कपडे काढले आणि कोरडे चढवले, बाळाला घालतात तसे, एकीनं पाय उचलायचा, दुसरीनं ओढायचं. तिच्या मांड्या हाताला गारठलेल्या मासळीसारख्या लागल्या. वरून मी आणलेली पँट घातली. हेंगजाची पँट हेंगजाला परत मिळाली. आम्ही एरानला मधे घेऊन निघालो. ती सारखी "माफ करा, ताई, माफ करा," म्हणत होती. मला. तो शब्द ऐकून मला खाली दरीत उडी मारावीशी वाटली.

निवाऱ्यात व्यवस्थापकानं तिला हीटरपाशी बसवलं, दोन घोंगड्या दिल्या. तासाभरात तिच्या गालांवर रंग आला, आणि तिनं भाताची अर्धी गुंडाळी, किंबाप, खाल्ली. मग कुठं आमचा जीव भांड्यात पडला.

हेंगजा ओले कपडे वाळत घालत होती. जांभळी पँट पिळून तिनं उलटी केली आणि दोरीवर टाकता टाकता थांबली. बोट शिवणीवरून फिरवलं. एका पायाच्या, मग दुसऱ्या पायाच्या.

"पट्टी नाही हिला."

मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले.

"ह्वासिम. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तिनं विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. मी चालेल म्हणाले."

हेंगजा मोठ्या आवाजाची बाई. तिनं ओरडायला हवं होतं. तिनं ती पँट दोरीवर नीट सरळ केली, चिमटा लावला आणि मला पाठ करून उभी राहिली. एरान घोंगडीतून बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमचं माझ्याशी काय वाकडं होतं?" तिनं विचारलं. या वेळी ताई नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "तुम्ही हिच्याबरोबर जात होतात, म्हणून."

ती म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पण शिखराकडे कुणी गेलं नाही. एरानला खाली उतरायचं होतं. उमजंगच्या वाटेनं त्या दोघी पुढं आणि मी मागं, शंभर पावलांवरून. खाली बस नव्हती, त्यामुळं त्यांना माझ्याच गाडीत बसावं लागलं. दोघी मागच्या सीटवर बसल्या. ग्वांगजूपर्यंत दोन तास त्या आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. उतरताना एरान मोजे धुऊन परत पाठवते म्हणाली. मी म्हणाले, राहू द्या. चार दिवसांनी मोजे टपालानं आले, धुतलेले, चिठ्ठीशिवाय.

हेंगजा सोमवारी आली नाही. पुढच्याही नाही. हिवाळ्यासाठी कोबीची किमची मुरवायचा दिवस दरवर्षी आम्ही तिच्या अंगणात करायचो, यंदा मला निरोप आला नाही. तिथं एरान गेली होती, हे भातवालीकडून कळलं. मी घरी एकटीनं दहा कोबी खारवले आणि मीठ जास्त पडलं. कोण जेवत असेल, कोण कुणाच्या तोंडात किमचीचं पहिलं पान भरवत असेल, हे मी रोज मनात बघत होते. चूक माझी होती हे कळत होतं, आणि तरी जळणं थांबत नव्हतं. माणूस चुकलं की जळायचं थांबतं, असं मला उगीचच वाटलं होतं.

फेब्रुवारीत एका सोमवारी बर्फ पडला. सकाळी शटरवर थाप पडली. बाहेर हेंगजा, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

"चल. उशीर होतोय."

खिंडीपर्यंत ती नेहमीसारखी माझ्या पुढं चालली. वर बाकावरचा बर्फ झाडून ती बसली, मला अर्धी जागा ठेवून.

"मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, सांगू?" ती म्हणाली. "पँटचा नाही. जळलीस, समजलं. मी पोस्टात तीस वर्षं एका बाईवर जळले, तिला खिडकीजवळची जागा होती म्हणून. पण तू फोन केलास. तुझ्या तोंडाशी आलं होतं, मला ऐकू येत होतं. आणि तू पावसाचं सांगितलंस."

"हो."

"तिथं तू नुसतं बोलली असतीस, तर मी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि संपलं असतं."

"हो," मी पुन्हा म्हणाले.

तिनं सॅकमधून संत्र सोललं, अर्धं मला दिलं. "आम्ही मे महिन्यात परत जाणार आहोत. एरान म्हणते तुला विचार."

"एरान म्हणते?"

"हो. मला अजून तसं वाटत नाही. पण तिनं विचारायला सांगितलं, म्हणून विचारते."

मी संत्र्याच्या बिया हातात धरून बसले. मग म्हणाले, "यंदा तुम्ही दोघीच जा. मी तुम्हा दोघींशी भांडत बसेन मनात, आणि तीन दिवस तुम्हाला ते ऐकू येईल."

हेंगजा खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. "बरं झालं म्हणालीस."

आता ती महिन्यातले दोन सोमवार माझ्याबरोबर येते आणि दोन एरानबरोबर जाते. जे दोन माझे नसतात त्या दिवशी मी दुकान उघडं ठेवते.

मेमध्ये त्या गेल्या. तीनही दिवस आभाळ निळं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी हेंगजाचा फोटो आला, शिखराच्या दगडाला टेकलेल्या दोघी, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, हेंगजाचे डोळे हसून बंद. फोटो मोठा करून मी बराच वेळ पाहिला. जळणं तेच जुनं होतं, तितकंच. मग मी लिहिलं, "छान. उतारावर जपून," आणि पाठवून दिलं. तेवढ्यात एक म्हातारा गिऱ्हाईक आत आला, त्याला बायकोसाठी काठ्या हव्या होत्या, तिची उंची त्यानं स्वतःच्या खांद्यापाशी हात धरून दाखवली.

"त्यांनाच घेऊन या," मी म्हणाले. "मी वाट बघते."